बारमध्ये जा, पण आधी जेवा

वाशी, नेरूळ, बेलापूरच्या काही ‘बार अँड रेस्टॉरंट’मध्ये सुरमई फ्राय, कोळंबी मसाला आणि गरम भाकरी झकास मिळते. “डॉक्टर, तिथे जेवलं तर चालेल का?” असे रुग्ण विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: जेवायला जरूर जा.

चुकतो तो क्रम. आधी दोन पेग, सोबत खारे शेंगदाणे आणि ताट येते रात्री अकराला! रिकाम्या पोटी दारू लवकर चढते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहींची साखर तर धोकादायक खाली येऊ शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे पाहून सोबतचे म्हणतात, “याला चढली,” आणि उपचार लांबतो. अशा वेळी ग्लुकोमीटरने साखर तपासा. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठा.

‘बिअर सौम्य असते’ हाही गैरसमजच. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये व्हिस्कीच्या ३० मिलीच्या सुमारे ४ पेगइतके अल्कोहोल असते.

दारूची सुरक्षित मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. तेव्हा बसल्याबसल्या जेवण मागवा. सुरमईसोबत फ्रेश लाइम सोडाही छान लागतो.