शाकाहाराचा जमाखर्च



आपल्यात एक समज पक्का मुरलेला आहे. "आम्ही मटण-मच्छीला हात लावत नाही, मग आम्हाला डायबेटिस कसला?" पण एडिसनमधल्या कुठल्याही मराठी पॉटलकचं टेबल आठवून बघा. साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडे, पुरी, श्रीखंड, मसालेभात आणि जोडीला आंब्याचा रस. सगळं शुद्ध शाकाहारी! आम्ही पेशाने इंजिनियर, त्यामुळे मालाच्या लेबलापेक्षा आत काय भरलंय ते बघायची आम्हाला खोड.

हार्वर्डच्या अंबिका सतीजा, फ्रँक हू आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली नेमकं हेच पाहिलं. अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त आरोग्य-व्यावसायिकांच्या खाण्याच्या, वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वनस्पतिजन्य अन्नाची त्यांनी दोन खाती केली. पहिल्यात अख्खी धान्यं, डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे-बदाम. दुसऱ्यात मैदा, पांढरा भात, बटाटे, साखर, फळांचे रस. पहिल्या खात्यावर सर्वांत जास्त भर देणाऱ्यांत डायबेटिसचा धोका ३४ टक्क्यांनी कमी दिसला आणि दुसऱ्यावर भर देणाऱ्यांत १६ टक्क्यांनी जास्त! हा नोंदींचा अभ्यास आहे, कार्यकारणाचा शेवटचा पुरावा नव्हे. पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. आता आपलं पॉटलकचं टेबल कुठल्या खात्यात जातं ते तुम्हीच ठरवा. उपासाच्या फराळाबद्दल तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय.

"पण आम्ही जाड कुठे आहोत?" असंही कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेटमध्ये छापलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा आपल्याला खरं सांगतोच असं नाही. म्हणूनच २०१५ पासून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आशियाई लोकांच्या तपासणीची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २०१० पासून आपल्यासारख्याच ९०६ दक्षिण आशियाई मंडळींवर एक अभ्यास सुरू झाला. त्याचं नाव चक्क 'मसाला'! त्यातही आपल्या लोकांत डायबेटिस गोऱ्यांपेक्षा बराच जास्त आढळला.

मग करायचं काय? शाकाहार सोडायचा? अजिबात नाही! आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात पहिलं खातं भरलेलंच होतं: मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर. ताटात भाताचा डोंगर आणि उसळीचा ठिपका असतो, तिथे अदलाबदल केली तरी खूप झालं. आज्या दिवसभर राबायच्या आणि आपण मेट्रोपार्कच्या ट्रेनमध्ये बसून येतो, तेव्हा जेवणानंतर शतपावलीही हवीच. शाकाहाऱ्यांनी बी-१२ तपासायला विसरू नये. ते वनस्पतींतून मिळत नाही.

आणि चाळिशी गाठलेल्यांनी डॉक्टरांकडे ए-वन-सी टेस्टचा विषय स्वतःहून काढावा. लक्षणांची वाट पाहू नका, कारण हा पाहुणा बेल न वाजवता घरात शिरतो. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात एक मोठं पातेलं उसळीचं ठेवावं अशी आमची कमिटीला विनंती आहे. श्रीखंड हवंच, पण वाटी लहान असू द्या!