गोळी चालू आहे, पण बाईचं ऐकतंय कोण?



गेल्या काही महिन्यांत मानोरा, रिसोड, मंगरूळपीर तालुक्यांतल्या बैठकांना मी जाऊन आले. विषय ठरलेले होते : रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी, गावातली दारू. पण बैठक संपून चटया गुंडाळायला लागलं की दोघी-तिघी मागे रेंगाळायच्या. मग पिशवीतून एक छोटी बाटली निघायची. थायरॉईडच्या गोळ्यांची. "ताई, गोयी घेतली का छाती धडधड करते, हात कापते. सांगू कोनाले?"

हा 'सांगू कोनाले' मी इतक्या वेळा ऐकला की या अंकाचं संपादकीय त्यावरच लिहायचं ठरवलं.

एकीची गोळी आधी २५ मायक्रोग्रॅमची होती, पुढच्या खेपेला एकदम १०० ची झाली. त्यानंतर दोन वर्षांत रक्ताची तपासणी एकदाही नाही. झोप उडाली, वजन घटलं, पाळीचा नेम राहिला नाही. दवाखान्यात सांगितलं तर उत्तर मिळालं, "टेन्शन घेऊ नका." घरी सासू म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय. दुसरी गरोदर होती. ती थायरॉईडची गोळी, आशाताईने दिलेली लोहाची आणि कॅल्शियमची गोळी अशा तिन्ही एकाच घोटात, चहाबरोबर घ्यायची. तिसरीला दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली दिली आणि महिन्या-दीड महिन्यात तिचं अंग पुन्हा जड पडलं. चौथीने कंटाळून गोळीच सोडली होती.

या चौघींच्या तक्रारींना 'साईड इफेक्ट' हा एकच शब्द लावला जातो. पण प्रत्येकीच्या बाबतीत घडलेलं वेगळं आहे, आणि ते समजून घेतलं तर त्यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जो रस तयार करते, तोच या गोळीत असतो. तिचं नाव लेव्होथायरॉक्सिन. शरीराला तो परका नाही. प्रश्न असतो मापाचा. चुलीला जाळ कमी पडला तर अन्न कच्चं राहतं, जास्त झाला तर करपतं. रस कमी पडला की बाई सुस्तावते, सुजते, तिला थंडी सोसत नाही, पाळीत अंगावरून जास्त जातं. (आणि घरचे तिला आळशी म्हणतात.) गोळी जास्त झाली की छातीत धडधड, हातांना कंप, घाम, जुलाब, चिडचिड आणि रात्रभर डोळे टक्क उघडे. उतारवयात हे वर्षानुवर्षं चाललं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा ठोका अनियमित होऊ शकतो. म्हणून डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी करायची असते. माप बरोबर बसल्यावरही वर्षातून एकदा तरी. गोळी स्वस्त आहे, पण तपासणीला पैसे पडतात, अकोल्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा तपासणीच राहून जाते.

अशा वेळी डोस चुकला आहे हे सर्वांत आधी कोणाला कळतं? ज्या बाईची छाती धडधडते तिला. आणि तिलाच 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं जातं.

आता त्या 'उपाशीपोटी'बद्दल. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको, लोह आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं, हे खरं आहे. कारण ही सगळी मंडळी गोळी पोटातून रक्तात जाऊ देत नाहीत. पण हे सांगणाऱ्याने कधी निंदणाच्या दिवसांतली बाई पाहिली आहे का? पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, डबे, आणि चहाच्या एका कपावर शेताकडे. रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी, रोज ठरल्या वेळी गोळी घेतली तरी चालू शकतं. डॉक्टरांना विचारून तसं ठरवता येतं. पण ही सोय आमच्या बैठकांतल्या एकीलाही कोणी सांगितलेली नव्हती! सोयाबीनच्या वड्याही गोळीच्या आड येतात. आपला जिल्हा सोयाबीन पिकवून बाजारात घालतो, खातो कमी, हे इथे पथ्यावर पडलं म्हणायचं. उन्हाळ्यात मात्र जपायला हवं. पारा चाळिशीच्या वर गेला की पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवलेल्या बाटलीतल्या गोळीचा जोर कमी होतो. आणि बाटलीवर लिहिलेलं सगळं इंग्रजीत.

हा अनुभव फक्त आपल्या खेड्यांतला आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये २०१७ साली मर्क कंपनीने लेव्होथायरॉक्स या गोळीतला मूळ रस तोच ठेवून बाकीचे घटक बदलले. गोळी जास्त टिकाऊ व्हावी हा हेतू होता. सुमारे तीस लाख लोक ती घेत होते, त्यांत बहुतेक बायका. चक्कर, थकवा, केस गळणं, पायांत गोळे अशा तक्रारींचा पूर आला. तिथेही आधी हेच ऐकवलं गेलं की हे मनाचे खेळ आहेत. बायका हटल्या नाहीत. तीन लाखांहून जास्त सह्या जमल्या, जुनी गोळी काही काळ परत आणावी लागली. नवी गोळी घातक आहे असं काही सिद्ध झालं नाही. तरीही जून २०२० मध्ये लियोंच्या अपील न्यायालयाने तीन हजारांहून जास्त रुग्णांना प्रत्येकी एक हजार युरो भरपाई द्यायला सांगितली, आणि २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. कारण एवढंच की बदल झाल्याचं रुग्णांना नीट सांगितलं गेलं नव्हतं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे 'तेच आहे' म्हणून दुसरी बाटली हातात ठेवताना सांगण्याची तसदी कोण घेतं?

आपल्या देशात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला थायरॉईडची कमतरता आढळली. बायकांचं प्रमाण पुरुषांच्या तिप्पट. त्या आठांत मुंबई होती. वाशिमसारखं गाव नव्हतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. त्रास होतो म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आणि 'थायरॉईड मुळापासून घालवतो' म्हणत चूर्णाची पुडी विकणाऱ्याच्या नादी लागू नका. गरोदरपणात तर शरीराला या रसाची गरज वाढते. त्या काळात गोळी सोडणं पोटातल्या बाळालाही महागात पडू शकतं. धडधड होत असेल तर दवाखान्यात जाऊन स्पष्ट म्हणा : माझा डोस तपासा, टीएसएच करा, आकडा मला कागदावर लिहून द्या. बाटली बदलली तर कंपनीचं नाव टिपून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

औषधाच्या त्रासाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो, हे किती जणींना माहीत आहे? केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फुकट फोन आहे. रुग्णाने भरायचा अर्ज मराठीतही मिळतो.

आम्हीही आमच्या परीने नोंदी गोळा करतो आहोत. गोळी किती मायक्रोग्रॅमची, कधी सुरू झाली, कशाबरोबर घेता, शेवटची तपासणी कधी झाली, काय त्रास होतो, आणि सांगितल्यावर काय उत्तर मिळालं, एवढं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नाव नसलं तरी चालेल. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. पुढच्या तिमाहीत ही कार्डं घेऊन आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटायला जाणार आहोत. कोणाकोणाला बरोबर यायचं आहे तेही कळवा.