ड्रॅगन हवा, पण झुरळं नकोत?

मंडळी, आधीच सांगतो, हा लेख जेवता जेवता वाचू नका. विषय आहे बेअर्डेड ड्रॅगनला काय खायला घालायचं. आणि माझं म्हणणं सरळ आहे: ज्याची घरात किडे पाळायची तयारी नाही, त्याने ड्रॅगन पाळू नये. राग आला तर येऊ दे.

इथे अमेरिकेत आपल्या ओळखीपाळखीत हा प्राणी आता बऱ्याच घरांत दिसतो. कारणं उघड आहेत. कुत्र्याला बर्फात फिरवायला न्यावं लागतं, मांजराचे केस सोफाभर होतात, आणि पोरांचा हट्ट काही संपत नाही. मग ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला हा दीड-दोन फुटी, शांत स्वभावाचा सरडा घरी येतो. (हो, सरडाच. ड्रॅगन म्हटलं की आजीला फोनवर सांगायला बरं वाटतं, एवढंच.) काचेची टाकी, तापवणारा दिवा, यूव्हीबीची ट्यूब, यावर हसत हसत पैसे खर्च होतात. आणि खाण्याचा विषय निघाला की, "ई, ते किडे मी घरात ठेवणार नाही हं!"

मग सोपा मार्ग निघतो. मीलवर्म! पिठात होणाऱ्या अळीचा थोरला भाऊ. डबी फ्रिजमधे ठेवा, आवाज नाही, वास नाही, उड्या नाहीत. माणसाची सोय झाली. सरड्याचं काय?

जरा आकडे बघू. सरड्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं, शक्यतो त्याच्या दीड-दोन पट असायला हवं. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या साधारण ७ पट असतं. मीलवर्ममधे १५ पटींच्या वर. शिवाय रातकिड्यात चरबी वजनाच्या ७ टक्क्यांच्या आसपास, मीलवर्ममधे १३, आणि वॅक्सवर्म नावाच्या त्या गुबगुबीत अळीत तब्बल २५! म्हणजे वॅक्सवर्म हे पेढे आहेत. सणासुदीला एखादा ठीक, रोज ताटात नाही. विकत मिळणाऱ्या किड्यांपैकी ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीतच कॅल्शियम मुळात फॉस्फरसपेक्षा दुपटीहून जास्त असतं. ती जरूर द्या, पण नुसत्या तिच्यावर पोट भरू नका.

कॅल्शियम कमी पडलं, किंवा यूव्हीबी नसल्यामुळे ते अंगी लागलं नाही, की शरीर ते हाडांमधून ओढून घेतं. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय थरथरतात, कणा वाकतो. ओळखीच्या एका घरी मी हे पाहिलंय. सहा महिन्यांचं पिल्लू, समोर अळी वळवळतेय, आणि याला ती चावता येत नाही. डॉक्टरने वाचवलं, पण वाकडा झालेला जबडा पुन्हा सरळ झाला नाही.

"पण आम्ही पावडर लावून देतो की!" लावा, लावायलाच हवी. पण रातकिडा स्वतःचं अंग साफ करतो, आणि थोड्या वेळाने पावडर टाकीच्या तळाला. म्हणून किड्याच्या अंगावर काय आहे यापेक्षा त्याच्या पोटात काय आहे हे आधी बघा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं जुनं सूत्र आहे, कचरा आत तर कचरा बाहेर. किडा म्हणजे नुसतं पाकीट. खायला घालायच्या आधीचे २४ ते ४८ तास त्याला पालेभाजी, गाजर, चांगलं कोरडं खाद्य मिळालं, तर ते ड्रॅगनला मिळतं. आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानात मी विचारलं, या रातकिड्यांना तुम्ही काय खायला घालता? तिथल्या पोराने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी विचारलं, भाजीला चहा पाजता का! डब्यात बटाट्याची एक सुकलेली चकती होती. हे उपाशी पाकीट आपण पैसे मोजून आणतो.

काहीजण म्हणतात, आम्ही शाकाहारी, त्याला पालक घालू. मोठ्या ड्रॅगनचं बरंचसं जेवण पालेभाजीच असतं हे खरं. पण वाढत्या पिल्लाचं मुख्य अन्न किडेच, दिवसाला ३०-४० लहान रातकिडे ते सहज फस्त करतं. आणि पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आपला चातुर्मास सरड्यावर लादू नका.

दुसरा फुकटा मार्ग म्हणजे अंगणातले किडे. अजिबात नको! शेजाऱ्याने लॉनवर काय फवारलंय ते तुम्हाला माहीत नसतं. आणि उन्हाळ्यात इथे अंगणात काजवे येतात. आपल्याला भंडारदरा आठवतो, पण इथल्या काजव्यांच्या अंगात असं विष असतं की एक काजवा ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो. एकच.

तर मग उपाय काय? झुरळं. ड्युबिया नावाची, दक्षिण अमेरिकेतली. थांबा, पळू नका. स्वयंपाकघरात ओट्याखाली पळतं ते झुरळ वेगळं. ड्युबिया गुळगुळीत भिंत चढत नाही, धड उडत नाही, आवाज करत नाही, आणि ३० अंशांच्या आसपास ऊब नसेल तर त्याची वीण मंदावते. त्यामुळे ते तुमच्या घरात वस्ती करणं अवघडच. एक प्लॅस्टिकचा खोका, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावून, खाली हीटर. एका नराला तीन-चार माद्या. बस्स. रातकिडा टाकीत सुटा राहिला तर रात्री झोपलेल्या ड्रॅगनलाच चावतो, ड्युबिया गुपचूप कोपऱ्यात लपतं.

शिवाय पुरवठा आपल्या हातात राहतो. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्मांवर एका विषाणूने धाड घातली, लाखोंनी किडे मेले, काही फार्म बंद पडले. एकाच व्हेंडरवर अवलंबून राहायचं नसतं हे ऑफिसात आपणच सगळ्यांना सांगतो ना?

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. घरात कोणाला दमा किंवा झुरळांची ॲलर्जी असेल, तर हा उद्योग करू नका. आणि विक्रेते फ्लोरिडात ड्युबिया पाठवत नाहीत, तिथले लोक डिस्कॉइड जातीचं झुरळ वापरतात.

आता व्यवहाराचं. ड्युबियाचं पिल्लू मोठं व्हायला चार-सहा महिने लागतात, म्हणून खोका आधी लावा, ड्रॅगन नंतर आणा. मोठ्या माद्या खायला घालू नका. बियाणं खाणाऱ्या शेतकऱ्याचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. किडा ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि अधूनमधून बदल ठेवा.

आपल्या घरातली पाल स्वतःचं स्वतः शोधून खाते, तिला आपली गरज नाही. काचेच्या टाकीतल्या सरड्याला मात्र आपण जे टाकू तेवढंच मिळतं. ते टाकायची किळस वाटत असेल तर त्यात लाज काहीच नाही. फक्त मग मासे पाळा.