धरणातली माणसे कोठे गेली?

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पाटण आणि जावळी तालुक्यांच्या पश्चिमेला उत्तर-दक्षिण पसरलेला एक लांबोळका निळा पट्टा दिसेल. हा शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येतात. धरण कोणत्या नदीवर आहे? उंची किती? (१०३ मीटर.) साठा किती? (सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट.) वीज कोठे तयार होते? तुम्ही ही उत्तरे घडाघडा सांगाल. मात्र त्या निळ्या रंगाखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन आहे आणि ती माणसे पुढे कोठे गेली, हा प्रश्न भूगोलाच्या पेपरात सहसा येत नाही. तो यायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

काही शिक्षक म्हणतील, हा इतिहासाचा किंवा राजकारणाचा विषय झाला. मला तसे वाटत नाही. पाऊस, माती, उतार, पीक आणि जमिनीचा वापर हा भूगोल नव्हे तर काय? मानवी भूगोल नावाची शाखा नेमके हेच तपासते. माणसाला एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी नेले की त्याच्या जमिनीचे काय होते, तो निर्णय कोणी आणि कोणत्या कायद्याने घेतला, नव्या जागी त्याला आसरा मिळाला की नुसतीच जागा मिळाली, हे तिचे प्रश्न.

आसरा हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या भागातले एक जुने उदाहरण पाहू. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील हजारो कुटुंबांना सोव्हिएत रशियात दूरवर नेण्यात आले होते. पुढे सुटका झाल्यावर त्यांतील काही इराणमार्गे भारतात आली. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, तेथे राहिली. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता. हवापालटाची गरज असलेल्यांसाठी आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीलाही सोय केलेली होती. १९४८ साली छावणी संपली आणि त्याच जागेवर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे वसली. आज त्या ठिकाणाला गांधीनगर म्हणतात. तेथील कापडाची बाजारपेठ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एकाच जमिनीचा पाच-सहा वर्षांत दोनदा वापर बदलला आणि दोन्ही वेळा तिने परक्यांना थारा दिला.

आता कोयनेकडे वळू. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार छळाच्या भीतीने स्वतःचा देश सोडून बाहेर आलेला माणूस तो शरणार्थी. (भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण आसरा मात्र अनेकांना दिला.) कोयनेच्या शेतकऱ्याने देश सोडला नाही, काहींनी तर जिल्हाही सोडला नाही. त्यामुळे तो शरणार्थी नव्हे. आपण त्याला धरणग्रस्त म्हणतो. त्याचा कोणी छळ केला नव्हता, राज्याला वीज हवी होती. सीमा ओलांडलेल्यांसाठी जगाने व्याख्या केली, कचेऱ्या उघडल्या. स्वतःच्याच देशात उठवले गेलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे यायला १९९८ साल उजाडले, आणि तीही बंधनकारक नाहीत. कोयनेचे बांधकाम १९५० च्या दशकातले. त्या वेळी जमीन घेतली जात होती ती १८९४ च्या इंग्रजी अमदानीतील भूसंपादन कायद्याने. तो कायदा जमिनीची किंमत देई, पण जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे बंधन त्यात नव्हते. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. लाभक्षेत्रात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन असलेल्यांकडून काही भाग घेऊन तो धरणग्रस्तांना द्यायचा, हे त्याचे मुख्य तत्त्व. ज्याला पाणी मिळाले त्याने ज्याचे गाव गेले त्याला वाटा द्यावा, ही कल्पना मला न्याय्य वाटते. पण तोवर कोयनेचे पाणी अडून बरीच वर्षे झाली होती.

खरी मेख जमिनीच्या जातीत आहे. कोयनानगर आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी ही दोन ठिकाणे नकाशावर शोधा. दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आटपाडीला पाचशेसुद्धा भरवशाचा नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा धडा तुम्ही शिकला आहात, तोच हा. कोयनाकाठचा शेतकरी राब भाजून भाताचे तरवे टाकणारा, डोंगरउतारावर नाचणी-वरी घेणारा. मुसळधार पावसासाठी त्याच्या घराचे छप्पर उतरते. पूर्वेकडे ज्वारी-बाजरी, विहिरीचे पाणी आणि धाब्याची घरे. कोयनेची माणसे सांगली, सोलापूर, शिवाय कोकणात रायगड, ठाणे अशी विखुरली. सगळेच दुष्काळी भागात गेले असे नाही. पण जो पूर्वेला गेला त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची शेतीविद्या एका मोसमात निरुपयोगी झाली. एकराला एकर दिला तरी ही विद्या कोणत्या मोजपट्टीने मोजणार?

शिवाय काही गोष्टी कागदावर नसतातच. गायरानात चरणारी गुरे, रानातला हिरडा, मध आणि जळण, दुसऱ्याच्या वावरात राबणारा भूमिहीन मजूर, हे काही सातबाऱ्यावर दिसत नाही. जे उताऱ्यावर नाही त्याची भरपाई नाही.

पुष्कळ कुटुंबे दूर गेलीच नाहीत. पाणी चढले तशी ती डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली आणि तेथे वस्ती करून राहिली. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि यांतील बऱ्याच वस्त्या त्याच्या हद्दीत आल्या. त्याच साली दक्षिणेला वारणा खोऱ्यात चांदोली अभयारण्य झाले; २००४ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाला रान हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एकदा विजेसाठी आणि पुन्हा वाघासाठी त्याच घराने उठायचे, तर दुसऱ्या वेळी त्याला आधी विचारायला हवे. मोबदला ठरवण्यापूर्वी विचारायला हवे, नंतर नव्हे. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा याच जिल्ह्यांतील धरणग्रस्तांच्या चळवळीत ऐकू येत आली आहे. तिच्यात मला भावनेपेक्षा नियोजनाचा साधा क्रम दिसतो.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरणाने तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात नेले. नदीचे हे वळण आपण नकाशावर बाण काढून शिकतो. माणसांच्या वाटांचे बाण कोणत्याच भिंतीवरच्या नकाशात मी पाहिलेले नाहीत.

सातारा-सांगलीच्या शाळांना हे काम सहज करता येईल. तुमच्या वर्गात कोयना, वारणा किंवा दुसऱ्या एखाद्या धरणाच्या पुनर्वसित गावठाणातली मुले असतील. परवानगी घेऊन त्यांच्या आजी-आजोबांना भेटा. घरच्यांची हरकत नसेल तर सातबारा पाहा. मिळालेल्या जमिनीवर बहुधा 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असतो, म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. तो अजून आहे का, पाणी येते का, जमीन स्वतः कसतात की वाट्याने दिली आहे, हे लिहून घ्या. त्या गावातील मूळच्या शेतकऱ्यांनाही भेटा. त्यांचीही जमीन गेली आहे आणि त्यांची बाजू वेगळी असेल.

मात्र सुरुवातीलाच 'किती पैसे मिळाले' असे विचारू नका. आजोबांना विचारा, तिकडे भाताची कोणती जात लावत होता, राब कधी भाजत होता, पेरणीची वेळ कशावरून ओळखत होता. आजीला विचारा, या गावातले पहिले पीक कोणते घेतले आणि ते करायला कोणी शिकवले.