राजधानीचे ताट

खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या गावची मुले सहलीला रायगडावर जातात, तेव्हा राजसभा, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि शिवछत्रपतींची समाधी पाहून परततात. वहीत सनावळ्यांची नोंद होते. परंतु या राजधानीत राहणारी माणसे काय जेवत होती, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. इतिहास हा बुद्धीचा विषय आणि अन्न हा पोटाचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही.

१६७४ साली हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील मुंबईहून रायगडावर आला आणि ६ जूनच्या राज्याभिषेकप्रसंगी दरबारात हजर राहिला. दरवाजापाशी उभे असलेले हत्ती एवढा अवघड गड चढून वर आले तरी कसे, याचे त्याला नवल वाटले. या मंडळींच्या मुक्कामाची हकीकत जॉन फ्रायर याच्या १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात आली आहे. गडावरील लोकांचे आवडते अन्न म्हणजे तुपात शिजविलेली डाळ-तांदळाची खिचडी. मांसाहाराची सवय असलेल्या इंग्रजांना ती फार दिवस रुचेना. त्यांनी तसे महाराजांना कळविले. महाराजांनीही राग न मानता त्यांच्यासाठी मांसाची व्यवस्था करविली. रोज अर्धा बोकड खपू लागला. तेव्हा तो पुरविणारा वृद्ध खाटीक आपल्या या गिऱ्हाइकांना डोळे भरून पाहावे, म्हणून मुद्दाम गड चढून आला. कित्येक वर्षांत खपले नव्हते, एवढे मांस त्यांच्या मुक्कामात खपले होते!

प्रसंग लहान आहे. पण राजधानीची साधी राहणी आणि यजमानाचे औदार्य या दोन्ही गोष्टी त्यातून जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या त्या सिंहासनाच्या वर्णनातून दिसत नाहीत. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने गडावरील वाडे जळाले. खिचडी मात्र जळाली नाही. ती कुंभिवलीच्या घरांतून आजही शिजते. दगडी भिंती पडतात. चुलीवरचा इतिहास आईकडून मुलीकडे जात राहतो.

दूरदेशच्या राजधान्यांविषयीही हेच म्हणता येईल. कर्जत स्थानकावर गाडी थांबली की प्रवासी बटाटेवडा आणि पाव घेतात. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. वड्यातील मिरचीही पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून या देशी आणली. लिस्बन ही त्या पोर्तुगीजांची राजधानी. कर्जतचे मूल उद्या लिस्बनला गेले आणि तेथील भट्टीतून निघालेला पाव त्याने हाती घेतला, तर परक्या नगरीत त्याला एक ओळखीची खूण सापडेल. मग तेथील बंदर आणि जुनी जहाजे ही त्याला केवळ चित्रे वाटणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येकाचे आहाराचे नियम वेगळे असतात. परक्या ताटातील सर्वच पदार्थ कसे खाता येतील? हा आक्षेप योग्य आहे. जे आपल्या नियमात बसत नाही, ते खाण्याची सक्ती कोणावरही नसावी. ऑक्झेंडनलाही त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही. परंतु न खाणे वेगळे आणि नाक मुरडणे वेगळे. जे खाता येत नाही, त्याचेही नाव विचारावे, ते कसे करतात हे जाणून घ्यावे. जो दुसऱ्याच्या ताटाला हसतो, तो त्या माणसांना हसतो. मग त्यांची मंदिरे आणि वस्तुसंग्रहालये पाहूनही त्याच्या हाती काही लागत नाही.

परक्या अन्नाचा तिरस्कार जितका वाईट, तितकीच आपल्या अन्नाची लाजही वाईट. २०२५ साली रायगडासह बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. देशोदेशींचे लोक गड पाहावयास येतील. त्यांच्यापुढे केवळ बंद पुड्यांतील खाऊ ठेवला, तर त्यांना दगड दिसतील. राजधानी दिसणार नाही. गडावर ताक विकणाऱ्या बाया, पायथ्याच्या गावांतील भाकरी, या भागातील तांदूळ आणि वाल यांनाही त्या वारशात मान मिळाला पाहिजे. आणि तो मान प्रथम येथल्याच मुलांनी दिला पाहिजे. सहलीच्या डब्यातील आईच्या हातची खिचडी लपवून खाण्याचे काहीच कारण नाही. राज्याभिषेकाच्या दिवसांत रायगडावर तीच आवडीने खाल्ली जात होती.