हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि तिथीची पाऊणपट

भाताची झोडणी आटोपली की आमच्या खोऱ्यातून हरिहरेश्वरला जाणाऱ्या जीपगाड्या वाढतात. मार्गासनीहून पहाटे चारला निघायचे, भोर, वरंध घाट, महाड करीत दहा-अकराला पोहोचायचे, दर्शन घ्यायचे, प्रदक्षिणा करायची आणि मग जेवायचे, असा ठरलेला बेत असतो. दिवस बहुधा पौर्णिमा नाही तर अमावस्या. वाचकहो, माझी तक्रार या बेताबद्दल आहे, देवदर्शनाबद्दल नाही.

ज्यांनी ती वाट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवळामागून पायऱ्यांनी टेकडी चढायची, दोन कड्यांमधल्या चिरेतून खाली उतरायचे आणि मग समुद्राला लागून खडकांवरून टेकडीला वळसा घालत परत यायचे. खाऱ्या पाण्याने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली आहेत. दृश्य मोठे देखणे आहे. पण एका बाजूला सरळ कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. भरतीला ही वाट पाण्याखाली जाते आणि मध्येच सापडलेल्या माणसाला वर चढायला जागा नसते. येथे लाटेने ओढून नेल्याने आजवर अनेक माणसे दगावली आहेत.

आपण राजगड चढणारी माणसे. पाणी चढते ते पावसाने, आणि गुंजवणीला पूर येणार हे आधी आभाळ सांगते, एवढे आपल्याला ठाऊक असते. समुद्र मात्र निरभ्र उन्हात चढतो, दिवसातून दोनदा. कोकणातले लोक त्याचा हिशेब पंचांगावरून करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आपली जीप पोहोचून दर्शन उरकते, नेमके तेव्हा पाणी पुरते भरलेले असते, आणि तेही उधाणाचे! हे गणित अंदाजाचे आहे, म्हणून तेथल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये. ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी निघावे. अष्टमीची ओहोटी फार खोल जात नाही, हेही ध्यानात असावे. पावसाळ्यात तर कोळीही होड्या पाण्यात घालत नाहीत. तेव्हा प्रदक्षिणेचे नावच काढू नये.

‘एवढ्या लांबून आलो, प्रदक्षिणा राहिली तर?’ असे मला विचारतात. शंकराच्या देवळात आपण सोमसूत्र न ओलांडता मागे फिरतोच ना? तसेच टेकडीवर उभे राहून हात जोडावेत. चालकाला मात्र परतीची घाई असते, आणि बेत पुष्कळदा त्या घाईने ठरतो.

आता मधुमेह असलेल्यांसाठी. गेल्या काही वर्षांत आमच्या गावांतही साखरेचे रुग्ण वाढले आहेत. अशा पुष्कळांच्या तळपायांची जाणीव कमी झालेली असते आणि त्यांना ते माहीत नसते. प्रदक्षिणा अनवाणी करायची, दुपारी बारा वाजता, तापलेल्या काळ्या कातळावर! मागे एक गृहस्थ दर्शनानंतर चौथ्या दिवशी माझ्याकडे आले. दोन्ही तळव्यांना फोड, एका टाचेत कालवाच्या शिंपीची चीर, आणि तक्रार काय, तर ‘चपलेला वास येतोय’. दुखत काहीच नव्हते! जखम भरायला अडीच महिने लागले. साखर असलेल्याने पायात बूट घालूनच जावे; देव रागावत नाही. खडकाने कापले तर स्वच्छ पाण्याने धुवावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. एका दिवसात लाली आणि सूज वर सरकू लागली, ताप आला, तर हळद भरून बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. यकृताचा आजार असलेल्यांना आणि नेहमी दारू पिणाऱ्यांना ही बाधा जिवावर बेतू शकते.

कोणी पाण्यात पडलाच तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, लुगडे, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते फेका. वर काढल्यावर पालथे घालून पोट दाबणे, पाय धरून उलटे टांगणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी उलटून छातीत जाते. माणसाला उताणा निजवा. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, असे चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आणि तो उठून बसला, चहा मागू लागला, तरी जीपमध्ये घालून घाट चढू नका. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो, आणि तेव्हा गाडी वरंध घाटात असते. श्रीवर्धन जवळ आहे. तेथल्या दवाखान्यात त्याला रात्रभर ठेवा, बाकीच्यांनी हवे तर पुढे यावे.