मान मोडली म्हणून नव्हे : बर्ट ट्राउटमन आणि स्वस्त झालेला ‘लेजंड’

१/ ‘लेजंड’ ही उपाधी आता इतकी स्वस्त झाली आहे की दोन हंगाम खेळून तिसऱ्या वर्षी दुसऱ्या क्लबची जर्सी चढवणाऱ्यालाही ती बहाल होते. वाद उरतो तो फक्त चषकांच्या संख्येचा. या मोजपट्टीने मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन यादीत बसूच नये. १९४९ ते १९६४ या काळात ५४५ सामने, आणि हाती मोठा चषक एकच. त्याच काळात क्लब दोनदा दुसऱ्या विभागात घसरला.

२/ तरीही सिटीच्या इतिहासातील त्याचे स्थान अढळ आहे. का, याचे ठरलेले उत्तर साऱ्यांना पाठ असते. ५ मे १९५६, वेम्बली, एफए कपचा अंतिम सामना. बर्मिंगहॅम सिटीच्या पीटर मर्फीच्या पायांवर झेप घेताना धडक झाली. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. उरलेली सुमारे १७ मिनिटे तो मान धरून खेळला, संघ ३-१ असा जिंकला आणि काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत मान मोडल्याचे निष्पन्न झाले.

३/ कथा खरी आहे. तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खोटा आहे.

४/ अख्खे आयुष्य एका अद्भुत प्रसंगाला बांधून टाकायचे, ही बखरकारांची जुनी खोड. अस्सल नोंद काय सांगते? इंग्लंडमधील फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने ट्राउटमनला त्या वर्षीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरवले ते अंतिम सामन्याच्या आधी. हा बहुमान मिळवणारा तो पहिला गोलरक्षक. म्हणजे मान मिळाला तेव्हा त्याची मान शाबूत होती!

५/ मग तो मान आला कुठून? त्यासाठी १९४९ कडे जावे लागते. ट्राउटमन ब्रेमेनचा, जन्म १९२३ चा. लहानपणी हिटलरच्या युवक संघटनेत, पुढे स्वेच्छेने सैन्यात. पूर्व आघाडीवर लढलेला छत्रीधारी सैनिक, आयर्न क्रॉसचा मानकरी. युद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांच्या हाती सापडला, लँकेशायरमधील युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला, सुटकेनंतर मायदेशी परतण्यास त्याने नकार दिला आणि सेंट हेलेन्स टाउन या छोट्या क्लबकडून खेळू लागला.

६/ आणि मँचेस्टर? डिसेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बवर्षावात होरपळलेले शहर. मार्च १९४१ मध्ये शेजारच्या युनायटेडचे मैदान इतके उद्ध्वस्त झाले की युद्धानंतरही त्यांना सिटीच्या मेन रोडवर पाहुणे म्हणून खेळावे लागले. ते स्वगृही परतले ऑगस्ट १९४९ मध्ये. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी सिटीने एका जर्मन सैनिकाला करारबद्ध केले. सुमारे २०,००० लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरल्याचे सांगितले जाते. त्यांना असहिष्णू म्हणून मोकळे होणे आजच्या वाचकाला सोपे आहे. ढिगाऱ्यांतून माणसे उपसलेल्यांना ते सोपे नव्हते.

७/ कर्णधार एरिक वेस्टवुड नॉर्मंडीत लढलेला. आमच्या खोलीत युद्ध नाही, असे सांगून त्याने ट्राउटमनला सामावून घेतले. मँचेस्टरचे रब्बी अलेक्झांडर आल्टमान स्वतः १९३८ मध्ये जर्मनीतून परागंदा झालेले. त्यांच्या वडिलांचा आउशवित्झमध्ये बळी गेला. त्यांनी वृत्तपत्राला खुले पत्र लिहिले. राष्ट्राच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नये, प्रत्येकाला त्याच्या वर्तनावरून जोखावे, हा त्याचा आशय.

८/ हे पत्र आज ‘ज्यूंनी नाझीला माफ केले’ अशा मथळ्याने फिरवले जाते. हा शुद्ध कचरा आहे. पत्रात माफी नव्हती, संधी होती. आणि संधीला अट होती. युक्रेनमध्ये नागरिकांचे हत्याकांड डोळ्यांनी पाहिल्याचे ट्राउटमनने पुढे स्वतःच सांगितले. तो भूतकाळ पुसून उरलेल्या माणसाला ‘लेजंड’ म्हणणे ही त्याच्या चाहत्यांचीच फसवणूक ठरते.

९/ अटीची परीक्षा दर शनिवारी होत राहिली. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहमच्या मैदानावर हुर्योने त्याचे स्वागत झाले. सिटी ०-१ अशी हरली, पण शेवटी तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या हंगामात सिटी खालच्या विभागात गेली. तो थांबला, संघाबरोबर वर आला, १९५५ चा अंतिम सामना हरला, पुढच्या वर्षी पुन्हा वेम्बलीत उभा राहिला. या सात वर्षांत खेळाडूने गोल अडवले, हे तर झालेच. प्रेक्षकांनीही काही सोडले : द्वेष, तोही सकारण असलेला. चषकांच्या यादीत हे व्यवहार नोंदले जात नाहीत.

१०/ येथे ‘कल्ट हिरो’ वेगळा काढावा लागतो. ८ मे १९९९. स्विंडनकडून उसना आणलेला गोलरक्षक जिमी ग्लास, कार्लाइल युनायटेडसाठी त्याचा तिसरा आणि अखेरचा सामना. भरपाईच्या वेळेत तो प्रतिस्पर्ध्यांच्या गोलसमोर धावत गेला, गोल केला आणि क्लब फुटबॉल लीगमधून बाहेर पडता पडता वाचला. कार्लाइल त्याला कधीच विसरणार नाही, विसरूही नये. पण ते एका क्षणाचे ऋण आहे. ट्राउटमनची मान तिसऱ्या सामन्यात मोडली असती, तर तोही असाच एक विलक्षण किस्सा होऊन राहिला असता.

११/ १९६३ मध्ये सिटी पुन्हा खालच्या विभागात घसरली. एप्रिल १९६४ मध्ये ट्राउटमनच्या गौरवार्थ सामना झाला. सिटी आणि युनायटेड, दोन्ही वैऱ्यांचा संयुक्त संघ त्याच्यासाठी उतरला. अधिकृत नोंदीप्रमाणे मेन रोडवर ४७,००० हून अधिक माणसे होती. निषेधाच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.